ओढ्यात पन्नास हजार खेकडे

चहा गार व्हायच्या आत मीच सांगून टाकते. कारण मी नाही सांगितलं, तर आमच्या कॉलेजातला सोनवणे सांगणार, आणि तो सांगायला लागला की माझी फजिती दुप्पट होते. माझ्या तोंडून ऐकाल तर निदान आहे तेवढीच राहील.

तुम्ही मला ओळखताच. वीस वर्षं नाशिकच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतेय. मोजणं हा माझा प्रांत. लग्नात पंगतीला किती पानं उठतील याचा माझा अंदाज केटररपेक्षा बरोबर निघतो, हे माझ्या सासरची माणसंसुद्धा मान्य करतात. सासरची माणसं! यावरून काय ते समजा. तर अशा बाईने एका ओढ्यातले खेकडे मोजायला घेतले.

झालं असं, की घोटीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव सांगत नाही, मला तिथे अजून तोंड दाखवायचं आहे. सगळीकडे भाताची खाचरं आणि मधून वाहणारा एक ओढा. गावातल्या पंचवीसेक बायका त्या ओढ्यात बांबूचे सापळे लावून खेकडे धरतात आणि घोटीच्या बाजारात नेऊन विकतात. त्यांची म्होरकी मथुराबाई. साठीची, काटक, आणि बोलायला अगदी मोजकी.

या मथुराबाई तीन वर्षं एकच गोष्ट सांगत होत्या. खेकडे कमी झालेत. पोटाखाली पिल्लं घेऊन फिरणाऱ्या माद्यासुद्धा आपण धरतोय, काही महिने थांबूया. पण थांबायचं म्हटलं की कोण ऐकतो? त्यातच महामार्गावरच्या ढाब्यांना माल पुरवणारा एक ठेकेदार गावात आला. अख्खा ओढा मला द्या म्हणाला, माझी माणसं येऊन धरतील.

सरपंच सरळ माणूस. त्याने ठरवलं, कॉलेजकडून मोजणी करून घ्यायची. खेकडे भरपूर निघाले तर ठेका द्यायचा, कमी निघाले तर मथुराबाई म्हणतात तशी बंदी करायची. म्हणजे बघा, एका आकड्यावर पंचवीस बायकांचं पोट अवलंबून होतं. ठेका दिला असता तर दोन महिन्यांत ओढा साफ, आणि बायका रिकाम्या टोपल्या घेऊन घरी.

खरं तर ही मोजणी आमच्या प्राणिशास्त्राच्या कुलकर्णी मॅडम करणार होत्या. पण त्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मी लगेच म्हटलं, द्या इकडे. खेकडा असो की कांदा, मोजायचं शास्त्र एकच. कुलकर्णी मॅडमनी फोनवर दोन गोष्टी बजावल्या. एक, खेकडा कात टाकतो, त्यामुळे पाठीवर केलेली खूण कायम राहत नाही, तेव्हा सगळं आठवड्याभरात उरका. आणि दोन, जे काही कराल ते आधी त्या बायकांना विचारून करा.

पहिली गोष्ट मी तंतोतंत पाळली.

दुसरी का नाही पाळली, ते सांगते. ओढ्यातला एकूण एक खेकडा काही बाहेर काढून मोजता येत नाही. त्याला एक युक्ती असते. समजा तुमच्याकडे पांढऱ्या वाटाण्यांचा मोठा डबा आहे. मूठभर हिरवे वाटाणे मोजून त्यात टाकायचे, डबा ढवळायचा आणि वाटीभर काढून बघायचं. वाटीत हिरवे जितके कमी, तितके डब्यात एकूण वाटाणे जास्त. खेकड्यांचंही तसंच. शंभर खेकडे धरायचे, पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा, सोडून द्यायचे. दोन-तीन दिवसांनी पुन्हा धरायचे आणि ठिपक्याचे किती येतात ते बघायचं. आता हे बायकांना आधी सांगितलं, तर त्या मुद्दाम ठिपक्याचेच शोधत बसतील आणि माझा हिशेब बिघडेल, असं माझं म्हणणं. गुप्तता हवी! मी फारच शास्त्रशुद्ध वागत होते हो.

रंगही घरचाच होता. आमच्या रो-हाउसच्या गेटला यांनी मध्यंतरी शेंदरी ऑइलपेंट दिला होता. तो इतका भडक निघाला, की तेव्हापासून सोसायटीचा वॉचमन पार्सलवाल्यांना आमच्या घराचा नंबर सांगतच नाही, नुसता हात करतो. त्यातला अर्धा डबा उरला होता. चिखलात, दगडांत लांबून उठून दिसेल असा याच्याइतका रंग नाही, हे मी दहा सेकंदांत ठरवलं.

मदतीला सोनवणे. आमच्या प्रयोगशाळेतला सहायक, मूळचा नामपूरचा. कांद्याच्या चाळीत वाढलेला माणूस. जिवंत खेकडा त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या ओढ्याकाठी पाहिला. एरवी तो आमच्यासारखंच बोलतो, पण घाबरला की थेट अहिराणीत जातो. पहिला खेकडा नांग्या उगारून त्याच्या अंगावर आला, तसा दोन पावलं मागे सरून मला म्हणाला, "मॅडम, आठे आपलं काय काम शे?"

तरी शेवटी त्यानेच हातांना कांद्याच्या गोणीचे तुकडे गुंडाळले आणि तीन दिवसांत आम्ही शंभर खेकडे धरले. तो धरायचा, मी ब्रश मारायची. सोनवणेच्या दोन बोटांना नांग्यांचे चिमटे बसले, माझ्या सलवारीवर शेंदरी नक्षी झाली. बायका आपापल्या खाचरात, भात पोटरीला यायचे, कणसं धरायचे दिवस, त्यामुळे ओढ्याकडे कुणी फिरकलं नाही. निदान आम्हाला तरी कुणी दिसलं नाही.

दुपारचा डबा आम्ही वरच्या अंगाला, उगमाजवळच्या डोहाकाठी खायचो. त्याला देवाचा डोह म्हणतात. तिथे झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आहे, आणि त्या डोहातला मासा किंवा खेकडा गावात कुणीही धरत नाही. मला हे फार आवडलं. बिनखर्चाचं अभयारण्यच की! मी वहीत तसं लिहूनसुद्धा घेतलं. त्या डोहाला हात न लावायचा शहाणपणाही केला. एका हातात शेंदरी ब्रश, समोर शेंदरी दगड, आणि माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही. वीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हाच.

आता आला मुख्य दिवस. आदल्या दिवशी मी बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, उद्या सकाळी जितके म्हणून धरता येतील तितके खेकडे आणा. नेहमीसारखे दहा-पंधरा नकोत. पाहुण्यांकडून सापळे मागून आणा, ओढ्याचा एक कोपरा सोडू नका. नमुना जितका मोठा, तितका आकडा पक्का. मथुराबाई म्हणाल्या, येवढे कशाला काढायचे, थोडक्यात भागत नाय का? मी त्यांना हसून सांगितलं, की मावशी, ते शास्त्राचं आमच्यावर सोडा.

सकाळी समाजमंदिरात ताडपत्री अंथरली. एकेक बाई येऊन टोपली रिकामी करायची, सोनवणे गोणीचे हात घालून मोजायचा आणि मी वहीत मांडायची. शंभर झाले, दोनशे झाले. ठिपक्याचा एकही नाही. तीनशे, चारशे. तरी नाही. माझा आनंद वाढत चालला. तुम्हाला वाटेल, ठिपक्याचे सापडत नाहीत तर बाई घाबरायला हवी होती. पण वाटाण्याचा डबा आठवा. हिरवे नाहीत म्हणजे पांढरे अफाट आहेत!

शेवटी एका म्हाताऱ्या आजींची टोपली आली. आजींना एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने जेमतेम. त्यांच्या टोपलीतून एक शेंदरी पाठीचा खेकडा टुणकन ताडपत्रीवर पडला. एकीने डोक्यावरचा पदर सारखा केला. दुसरीने हात जोडले.

मला वाटलं मलाच जोडले. मीही जोडले.

मग दोघीजणींनी तो खेकडा हलकेच ओंजळीत उचलला आणि अनवाणी ओढ्याकडे नेऊन पाण्यात सोडला. मी सोनवणेला म्हटलं, बघ, शिक्षण नसलं तरी शास्त्राची जाण कशी उपजत असते. नमुना परत जागेवर नेऊन ठेवला! सोनवणे "पण मॅडम" म्हणेपर्यंत मी वहीत आकडा मांडायला लागले होते. पुढे कधीतरी त्याने मला सांगितलं, की त्याला तेव्हाच शंका आली होती, पण तीन दिवसांत मी त्याला एकही वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

टोपल्यांतले एकूण भरले पाचशे. ठिपक्याचा एक. शंभर गुणिले पाचशे भागिले एक. पन्नास हजार! मी आकडा तीनदा तपासला. गुणाकार अगदी बरोबर होता.

त्याच दिवशी दुपारी ग्रामसभा. ठेकेदार पुढच्या खुर्चीवर, बायका खाली सतरंजीवर, टेबलाशी सरपंच आणि ग्रामसेवक, आणि फळ्याजवळ मी. वाटाण्याचा डबा, हिरवे, पांढरे, सगळं समजावलं. लोक माना डोलवत होते. मग मी खडूने फळ्यावर भलामोठा आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. ठेकेदाराने टाळी वाजवली. सरपंच म्हणाला, "चला, मॅडमनी मिटवलं. येवढे हायेत म्हंजी आता कशाची बंदी?"

माझी नजर मथुराबाईंवर गेली. त्यांचा चेहरा पडला होता. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मी त्यांना पुन्हा वाटाणे समजावले असते. पण त्या नुसत्या दमल्यासारख्या दिसत होत्या. तीन वर्षं बोललेलं एका खडूने पुसून गेलं होतं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण आकडा तो आकडा, असं मी मनाशी म्हटलं आणि हात झटकले.

ग्रामसेवकाने ठरावाचं रजिस्टर उघडलं. तेवढ्यात मथुराबाई उठल्या.

"बाई, येक इचारू का?"

"विचारा की."

"तुमी टोपलीतले मोजले. आमी ओढ्यावरच सोडले, ते कुटं मांडले?"

मला प्रश्नच समजला नाही. म्हटलं, सोडले म्हणजे? कुठले सोडले?

"शेंदराचे," त्या म्हणाल्या.

आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या पहाटे बायका सापळे उपसायला गेल्या, तर एकीच्या सापळ्यात शेंदूर लावलेला खेकडा. दुसरीच्याही. तिसरीच्या तर चार. आता देवाच्या डोहातला खेकडा कुणी धरत नाही हे सगळ्यांना ठाऊक. पाऊस चांगला झालाय, डोह भरून वाहिलाय, त्याबरोबर देवाचे खेकडे खाली उतरले, असं सगळ्यांनी धरलं. शेंदूर अंगावर घेऊन आलेल्याला टोपलीत कोण घालणार? प्रत्येकीने हात जोडले आणि तिथल्या तिथे सोडून दिले. आजींना रंग दिसला नाही म्हणून त्यांचा एक तेवढा टोपलीत आला. आणि ही गोष्ट बाईंना सांगायची कशाला? बाईंनी खेकडे मोजायचेत, देवाचं काय मोजायचंय!

समोरच्या सतरंजीवरून एकीने विचारलं, "म्हंजी त्यो शेंदूर देवाचा नव्हता?"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. "नाही," मी म्हटलं. "आमच्या गेटचा होता."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग सगळेच. खरं सांगते, त्या हसण्याने मी वाचले. बायका चिडल्या असत्या तर त्यांचं चुकलं नसतं. त्यांच्या देवाच्या रंगाने मी विचारल्याशिवाय ओढाभर ठिपके मारत फिरले होते. मी माफी मागितली, तीही तिथेच, उभ्या उभ्या.

"मावशी, तुम्हालाही देवाचेच वाटले?" मी मथुराबाईंना विचारलं.

"नाय वो," त्या म्हणाल्या. "देवाचा शेंदूर पान्यात जातो. ह्यो घासला तरी जाईना. वर घासलेटावानी वास. आन तीन दीस तुमी दोगं ब्रश घेऊन वाकलेले मला माज्या खाचरातून दिसत व्हते."

"मग बोलला का नाही?"

"बाया सोडत व्हत्या. तीन वरसं मी सांगून कुनी येक सोडला नाय. मी कशाला बोलू?"

यावर बायका पुन्हा हसल्या, या वेळी एकमेकींकडे बघून. मी मात्र फळ्याकडे वळले होते. कारण आता माझ्यातली संख्याशास्त्राची बाई जागी झाली होती, आणि तिला घाम फुटला होता.

मी प्रत्येकीला विचारलं, तुम्ही शेंदराचे किती सोडले? कुणी दोन म्हणाली, कुणी तीन, कुणी पाच. त्यांच्या आठवणीला तोड नाही, कोणत्या दगडाखाली कितवा, तेसुद्धा सांगितलं. बेरीज झाली एकोणऐंशी. आजींचा एक धरून ऐंशी. म्हणजे माझ्या शंभरातले ऐंशी त्या सकाळी सापळ्यांत आले होते! मी पन्नास हजारावर बोळा फिरवला आणि नवा हिशेब मांडला. टोपल्यांतले आणि सोडलेले मिळून पाचशे एकोणऐंशी, त्याला शंभराने गुणून ऐंशीने भागलं. ओढ्यात एकूण खेकडे निघाले सव्वासातशेच्या आसपास.

सभेत कुजबुज सुरू झाली. पन्नास हजाराचे सव्वासातशे! ठेकेदार खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाला. सरपंचाने विचारलं, "म्हंजी मॅडम, आत्ता ओढ्यात सव्वासातशे हायेत?"

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण खडू हातातच थांबला. कारण टोपल्यांतले पाचशे सकाळीच बाहेर आले होते, आणि सभा भरेपर्यंत सगळे घोटीला पोचले होते. ते कुणी काढायला लावले होते? पाहुण्यांकडून सापळे मागून आणा, एक कोपरा सोडू नका, हे कोण म्हणालं होतं?

सव्वासातशे वजा पाचशे. मी वजाबाकी फळ्यावर केली, कारण तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती. उरले सव्वादोनशे. त्यातलेही शंभर माझ्या ठिपक्याचे. म्हणजे ओढ्यात जो कुणी जिवंत होता, त्यातला जवळजवळ दर दुसरा आमच्या गेटच्या रंगाचा. बायकांनी ते देवाचे समजून सोडले नसते, तर ओढा मोजता मोजता मी तो जवळपास रिकामा केला असता. ठेकेदाराला दोन महिने लागले असते, मी एका सकाळीत उरकत आणलं होतं.

हे सगळं मी मोठ्याने सांगितलं. कारण दोष कबूल करण्यापेक्षा वाईट एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे तो मघाचा आकडा रजिस्टरात जाणं.

ठेकेदाराने मोबाइल कानाला लावला आणि बोलत बोलत बाहेर गेला. समोरून कुणाचाही आवाज आला नसणार, असं माझं मत आहे. सरपंचाने मथुराबाईंना विचारलं, किती दिवस थांबायचं? त्या म्हणाल्या, पुढच्या पोळ्यापर्यंत, म्हणजे पिल्लं मोठी होतील. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ऐकायला जड होतं ते, वर्षभराचा बाजार बुडणार होता. पण सव्वादोनशे हा आकडा त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आधी आजींनी मान डोलावली, मग बाकीच्यांनी.

मी जरा सावरले. म्हटलं ना, माझा आत्मविश्वास लवकर उठून बसतो. मनात आलं, कसं का होईना, बंदी झाली ती आपल्या मोजणीमुळेच. ठरावात कॉलेजचं नाव येईल. सोनवणेला मी हळूच म्हटलं, फोटो काढ.

ग्रामसेवकाने लिहून संपवलं, चष्मा वर केला आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली. "आज रोजीच्या ग्रामसभेत सर्वानुमते असे ठरले की, कॉलेजच्या मॅडमनी मोजणीकामी एकाच सकाळी पाचशे खेकडे धरावयास लावल्यामुळे ओढ्यातील खेकडे अतिशय कमी झाले आहेत. सबब, पुढील पोळ्यापर्यंत सदर ओढ्यात खेकडे धरण्यास व मोजण्यास सक्त बंदी करण्यात येत आहे."

हात वर करा म्हणाले. त्या गावात मला मताचा अधिकार नाही, तरी सगळ्यात आधी माझाच हात वर गेला.